तळटीप : कागदावर राहिलेले समान संधी मंडळ

* ‘विद्यापीठ विधेयकाचा घोळ’ : लेखकाचा रोख महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठे अधिनियम, २०१६ मध्ये दुरुस्ती सुचवणाऱ्या २०२१च्या विधेयकाकडे आहे.

महाविकास आघाडीच्या काळात, २८ डिसेंबर २०२१ रोजी, विधानसभेने हे विधेयक गदारोळात मंजूर केले. मथळे गाजले ते कुलगुरू निवडीतले राज्यपालांचे अधिकार आणि मंत्र्यांचे प्र-कुलपतिपद यांवरून. त्याच विधेयकात विद्यापीठांसाठी समान संधी मंडळाची तरतूद होती आणि त्यावर एलजीबीटीक्यू समूहातील सदस्य नेमायचे होते. भाजपचे सुधीर मुनगंटीवार यांनी त्याला सभागृहात आक्षेप घेतला. त्यांच्या वक्तव्याचा पुढे निषेधही झाला.

सत्तांतरानंतर शिंदे-फडणवीस सरकारने विधेयक मागे घेतले. मंत्र्यांना प्र-कुलपती करण्याचे कलम वादाचे होतेच, पण सुक्याबरोबर ओलेही जळाले.

विधेयक मागे घेण्याला लेखक ‘बंदी’ म्हणतो; पण बंदीची उदाहरणे बाहेर सापडतात. हंगेरीने २०१८ मध्ये लिंगभाव अभ्यासाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमांची मान्यताच काढली. अमेरिकेत फ्लोरिडाने २०२३च्या कायद्याने सार्वजनिक विद्यापीठांतील विविधताविषयक उपक्रमांवरचा सरकारी खर्च रोखला. महाराष्ट्रात असा कोणताही विषय बंद झाला नाही. म्हणून लेखकाचा ‘बंदी’ हा शब्द जरा सैलच म्हणावा लागेल.

पुढच्याच वाक्यात लेखकाने शाहू महाराजांच्या २६ जुलै १९०२च्या जाहीरनाम्याशी केलेली तुलनाही ताणलेली आहे. करवीर संस्थानातील नोकऱ्यांत मागासवर्गीयांना पन्नास टक्के जागा राखणारा तो हुकूम अमलात आला होता; समान संधी मंडळ मात्र कागदावरच राहिले.