नव्या संगणकावर जुनी विंडोज: औरंगाबादच्या डीटीपीची गोष्ट

२००७ नंतरची काही वर्षे औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, संगणक दुरुस्त करणाऱ्याकडे एक काम हमखास येई. नवा संगणक आलेला असे, त्यातली व्हिस्टा किंवा विंडोज ७ काढून त्यावर एक्सपी टाकायची असे. एक्सपी ऑक्टोबर २००१ मध्ये बाजारात आली आणि ८ एप्रिल २०१४ रोजी मायक्रोसॉफ्टने तिची देखभाल थांबवली. तरीही ही मागणी लगेच थांबली नाही. मराठवाड्यातल्या लोकांना नवे शिकायचे नव्हते, असा तिचा अर्थ काढला जातो. मला तो अर्थ मुळातच चुकीचा वाटतो. मराठी मजकूर संगणकात ज्या रीतीने साठवला गेला, त्या रीतीने छपाईचा धंदा एका ठरावीक विंडोजशी बांधून टाकला होता. जुनी प्रणाली नव्या यंत्रावर चढवण्याची खटपट म्हणजे स्वतःचाच मजकूर हातचा जाऊ नये म्हणून केलेली धडपड होती.

हे शहर छापणारे शहर आहे. अनंत भालेरावांचे दैनिक ‘मराठवाडा’ इथलेच, ‘लोकमत’ची इथली आवृत्ती १९८२ साली सुरू झाली, आणि १९५८ साली विद्यापीठ आल्यापासून प्रबंध, क्रमिक पुस्तके, प्रश्नपत्रिका यांचा ओघ कधी आटला नाही. खिळे जुळवणे मागे पडून डीटीपी, म्हणजे संगणकावर पाने लावणे, आले तेव्हा या सगळ्या मजकुराने पाने लावायच्या पेजमेकर या प्रोग्राममध्ये मुक्काम केला. पेजमेकरला युनिकोड समजत नसे. म्हणून श्री-लिपी, आकृती, सी-डॅकची आयएसएम अशा पॅकेजांनी एक वाट काढली: इंग्रजी अक्षरांच्या २५६ घरांत देवनागरीचे तुकडे बसवायचे. अर्धा क, काना, मात्रा, रफार, जोडाक्षरे, प्रत्येकाला एक घर. पडद्यावर मराठी दिसे, पण फाइलमध्ये मराठी नसेच. फॉन्ट काढला की ‘कविता’च्या जागी रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा चिवडा उरे. शिवाय प्रत्येक कंपनीचा घरांचा नकाशा निराळा. भारतीय लिप्यांसाठी इस्की हे प्रमाण १९९१ साली ठरले होते आणि युनिकोडची पहिली आवृत्तीही त्याच वर्षाची, पण पानाच्या मांडणीत दोन्हींचा शिरकाव झाला नाही. तिथे फॉन्टचाच कायदा चालला.

त्यातून एक साखळी तयार झाली. मजकूर फॉन्टवर अवलंबून, फॉन्ट पॅकेजवर, पॅकेज त्याच्या डोंगलवर, म्हणजे संगणकामागच्या प्रिंटर पोर्टला लावलेल्या त्या छोट्या कुलपावर, आणि डोंगलचा ड्रायव्हर विंडोजच्या ठरावीक पिढीवर. पेजमेकरची शेवटची आवृत्ती २००१ ची, तिचा पुढचा विकास अॅडोबीने २००४ मध्ये थांबवला. त्यानंतर आलेल्या ६४-बिट विंडोजने ३२-बिट ड्रायव्हर घ्यायलाच नकार दिला. पोर्ट नाही किंवा ड्रायव्हर नाही, तर कुलूप दिसत नाही. कुलूप दिसत नाही, तर मराठी उमटत नाही. दहा वर्षांचे साठलेले काम उघडायचे तर साखळीचे शेवटचे टोक, म्हणजे एक्सपी, धरून ठेवण्यावाचून गत्यंतर नव्हते.

नवे यंत्र मात्र तिला सहजी आत घेत नसे. हार्ड डिस्क साटा पद्धतीच्या आणि बायॉसमध्ये त्यांची सेटिंग एएचसीआय, जिचा ड्रायव्हर एक्सपीच्या सीडीत नव्हता. निळ्या पडद्यावर फाइली भरभर चढत, एंटर दाबले की संगणकात हार्ड डिस्कच नाही असे उत्तर येई, किंवा पडदा पुन्हा निळा होऊन शेवटी ७बी असलेला कोड दाखवून सगळे थिजे. मायक्रोसॉफ्टने सांगितलेला मार्ग असा होता: सुरुवातीलाच एफ६ दाबा आणि ड्रायव्हर फ्लॉपीवरून द्या. सेटअपचा तो टप्पा फ्लॉपीशिवाय दुसरे काही वाचत नसे आणि नव्या संगणकातून फ्लॉपी ड्राइव्ह तर हद्दपार झालेला. जाणता माणूस बायॉसमध्ये जाऊन एएचसीआयचे आयडीई करी, की एक्सपीला ओळखीची डिस्क दिसे. नंतर कुणी वेग वाढेल म्हणून सेटिंग परत फिरवली, तर तोच ७बी पुन्हा उभा. ज्यांना हे जुगाड नको होते ते एनलाइट नावाचे साधन वापरून ड्रायव्हर सीडीतच मिसळून नवी सीडी जाळत. विंडोज चढली तरी काम अर्धेच व्हायचे: चित्र मोठे आणि फिकट, आवाज नाही, लॅन नाही, सोबतच्या सीडीत ड्रायव्हर फक्त व्हिस्टाचे. आधी चिपसेट, मग लॅन, मग ग्राफिक्स हा क्रम दुरुस्तीवाल्यांनी अनुभवाने बसवला. या कौशल्याची नोंद कुठल्या अभ्यासक्रमात झाली नाही. पण कित्येक पुस्तकांची पुनर्मुद्रणे त्यावर निघाली आहेत.

यावर पहिला आक्षेप सरळ आहे: युनिकोड आणि पेजमेकरच्या जागी आलेल्या इनडिझाइनकडे का वळले नाहीत? विंडोज २००० पासून देवनागरी युनिकोड उपलब्ध होते. होते, पण एक्सपीत ते रीजनल सेटिंगमधल्या एका चौकटीत खूण केल्यावर आणि मूळ सीडी पुन्हा घातल्यावरच जागे होई. मुख्य अडचण पुढचीच आहे. इनडिझाइनमध्ये मराठी जोडाक्षरे अधिकृतपणे नीट जुळू लागली ती २०१२ च्या सीएस६ आवृत्तीत. म्हणजे मधली १२ वर्षे पत्र लिहिणाऱ्याला युनिकोड मिळत होते, पण पान लावणाऱ्याला प्लगइनच्या कुबड्यांशिवाय ते वापरता येत नव्हते. या काळात डीटीपीवाला मागे राहिला असे म्हणणे अन्यायाचे आहे. त्याच्यासाठी पुढे काही ठेवलेलेच नव्हते.

दुसरा आक्षेप चोरीच्या प्रतींचा. तो मी नाकारत नाही. संगणकासोबत आलेली प्रत दुसऱ्या यंत्रावर नेण्याचा परवाना नसतो. मात्र व्हिस्टा बिझनेस आणि विंडोज ७ प्रोफेशनल घेणाऱ्याला एक्सपीवर उतरण्याची मुभा खुद्द मायक्रोसॉफ्टनेच दिली होती. गरज खरी आहे हे त्यांनाही ठाऊक होते, इतके यातून नक्की दिसते. एक्सपी मोड नावाचे आभासी यंत्रही त्यांनी २००९ मध्ये दिले, पण सुरुवातीला त्याला प्रोसेसरमध्ये खास सोय लागे आणि स्वस्तातल्या अनेक प्रोसेसरांत ती नव्हती. उरला सुरक्षेचा मुद्दा, आणि तो सर्वांत वजनदार आहे. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हा खंडणी मागणारा घातक प्रोग्राम पसरला तेव्हा देखभाल थांबवून तीन वर्षे झालेल्या एक्सपीसाठीही मायक्रोसॉफ्टला दुरुस्ती काढावी लागली. जुनी विंडोज इंटरनेटला जोडणे तेव्हाही चूक होते, आजही आहे. मात्र त्यातून निघतो तो संगणक जाळ्यापासून वेगळा ठेवण्याचा नियम. मजकूर सोडून देण्याचा नाही.

वाळूज आणि चिकलठाण्याच्या एमआयडीसीत हीच अडचण निराळ्या रूपात आली. कारखान्यातली यंत्रे चालवणाऱ्या सीमेन्सच्या सिन्युमेरिक ८४०डी नियंत्रकाच्या पीसीयू ५० या भागात आधी विंडोज एनटी आणि नंतर एक्सपी असे. यंत्र पंधरा-वीस वर्षे चाललेच पाहिजे, मग त्यातली विंडोजही तेवढीच जगवावी लागते. पण कारखान्यात या गोष्टीला शेवट असतो: यंत्र मोडीत निघाले की त्याच्यासोबत त्याच्या विंडोजची गरजही संपते. छापील मजकुराचे तसे होत नाही. २०१५ मध्ये इंटेलच्या सहाव्या पिढीने जुन्या यूएसबीचा आधार काढला आणि विंडोज ७ च्या सेटअपमध्येही माउस-कीबोर्ड मेले. तेव्हा विंडोज ७ हीच डीटीपीची ‘जुनी’ झाली होती, आणि यूएसबी ३ चे ड्रायव्हर मिसळलेल्या पेनड्राइव्ह तयार करण्याचे काम नव्याने सुरू झाले. जुन्या फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये नेणारे कन्व्हर्टर आज आहेत, पण जुन्या फॉन्टमध्ये पहिली वेलांटी व्यंजनाच्या आधी आणि रफार अक्षराच्या नंतर टंकलेला असतो. युनिकोडमध्ये दोन्हींच्या जागा उलट. जोडाक्षर आले की हा क्रम चुकतो. म्हणून रूपांतर केलेली प्रत मूळ पेजमेकर फाइलशी ओळ न् ओळ ताडून पाहावी लागते, आणि ती फाइल उघडायला एक तरी एक्सपीचा संगणक चालता ठेवावा लागतो.