उतार आणि अवधान

पुणे जिल्ह्याचा इतिहास म्हटला की शिवनेरी, पुरंदर आणि शनिवारवाडा ही नावे आपोआप ओठांवर येतात. जुन्नरच्या डोंगरांत नाणेघाट आहे, सातवाहनांचे लेख आहेत, घाटमाथ्यावर जकातीचा दगडी रांजण आहे. त्याच डोंगरांत १९६२ साली इतिहासाचे आणखी एक पान लिहिले गेले. त्याची आठवण मात्र फारशी कोणी काढीत नाही. दिवाळीच्या फराळाबरोबर अपघाताची कथा कशाला, असे एखादी वहिनी म्हणेलही. पण ही कथा मरणाची कमी आणि माणसाच्या अवधानाची अधिक आहे, आणि अवधान ही तर घराघरांतली गोष्ट! दूध उतू जाते ते विस्तव दुष्ट असतो म्हणून नव्हे. दाराशी कोणी बोलायला आले म्हणून.

७ जुलै १९६२. मध्यरात्र नुकती उलटली होती. अलितालिया या इटालियन कंपनीचे डीसी-८ जातीचे जेट विमान सिडनीहून रोमला निघाले होते आणि बँकॉक सोडून मुंबईकडे येत होते. आत ९४ माणसे. पूर्वेकडून सरळ धावपट्टीवर उतरावे अशा बेताने ते खाली येऊ लागले, आणि जुन्नर तालुक्यात निमगिरीजवळ दावंड्याच्या डोंगरावर, सुमारे ३,६०० फुटांवर आदळले. कोणीही वाचले नाही.

यंत्रात बिघाड नव्हता. चौकशीअंती निष्कर्ष निघाला तो असा : मुंबई आता जवळ आली, अशी वैमानिकाची समजूत झाली होती, प्रत्यक्षात ती अजून सुमारे ८० किलोमीटर दूर होती. दिशा दाखवणाऱ्या साधनांचा पुरता उपयोग झाला नाही, ठरवून दिलेली किमान सुरक्षित उंची पाळली गेली नाही, आणि हा मुलूख त्याच्या ओळखीचा नव्हता.

मी दौंडचा. आमच्या स्टेशनच्या पिवळ्या फलकावर समुद्रसपाटीपासूनची उंची लिहिलेली असते. ती पाचशे मीटरांच्या आसपास आहे. आमच्याकडे भीमेकाठी उभे राहिले तर जमीन तव्यासारखी सपाट. तिथून वायव्येला निघावे तर डोंगर चढत चढत हरिश्चंद्रगडाला १,४२४ मीटरांवर जातो, आणि तिथेच कडा तुटून कोकण सुरू होते. वरून येणाऱ्याला अंधारात यातले काय दिसणार? कड्याच्या पलीकडे जी उंची बिनधोक, तीच अलीकडे प्राणघातक. अंतर म्हणाल तर जेट विमानाला दहाएक मिनिटांचे!

हा वैमानिक चुकीच्या समजुतीने फसला. दुसरे काही बोलण्यात आणि किरकोळ कामात फसले. २९ डिसेंबर १९७२ रोजी अमेरिकेत मायामीजवळ एका विमानाच्या पुढच्या चाकाचा दिवा लागेना. तो बल्ब पाहण्यात सारे गुंतले, आणि विमान हळूहळू खाली सरकत दलदलीत गेले. शंभरावर माणसे दगावली. उंची सुटल्याची घंटा वाजली होती. ऐकायला कोणाचे लक्ष मोकळे नव्हते. १९७४ च्या सप्टेंबरात शार्लट गावी उतरताना वैमानिक राजकारणाच्या आणि जुन्या मोटारींच्या गप्पांत होते. तेही विमान धावपट्टीच्या अलीकडेच पडले. आपल्याकडे १२ नोव्हेंबर १९९६ रोजी हरियाणात चरखी दादरीवर दोन विमाने हवेतच भिडली. कझाकस्तानच्या विमानाला १५,००० फुटांवर थांबायचे होते. ते त्याखाली उतरले. ३४९ माणसे गेली.

यावर जगाने काय केले? नुसता उपदेश केला नाही. जमीन जवळ आली की ओरडून सांगणारे यंत्र बसवण्याचा हुकूम अमेरिकेने १९७४ साली काढला. १९८१ साली नियम केला की १०,००० फुटांखाली वैमानिकांनी कामाखेरीज दुसरे काही बोलू वा करू नये. चरखी दादरीनंतर भारतात टक्कर टाळणारे यंत्र विमानांना सक्तीचे झाले.

आम्हां रेल्वेच्या गावच्या लोकांना हा विचार नवा वाटत नाही. १८६३ साली बोरघाटातून गाडी सुरू झाली. सदतीस फुटांना एक फूट असा तो उतार! तिथे उतरणाऱ्या गाडीला ठरावीक जागी थांबावे लागते, आणि सांधा नेहमी चढावर जाणाऱ्या आडमार्गाकडे लावलेला असतो. ड्रायव्हरने गाडी आवरून दाखवली तरच खरा मार्ग मिळतो. न आवरली तर ती त्या चढावर जाऊन थकते. बांधणाऱ्याने ड्रायव्हरला बेसावध ठरवले असे नव्हे. माणूस कधी ना कधी बेसावध होणारच, हे त्याने आधीच धरून ठेवले.

दावंड्याच्या डोंगरावर त्या रात्री असे काहीच नव्हते : ओरडणारे यंत्र नव्हते, थांबवणारा सांधा नव्हता. सगळा भार एका समजुतीवर होता. म्हणून त्या वैमानिकाला नुसता दोष देऊन गप्प बसणे मला पटत नाही. चढताना माणूस सावध असतो, कारण त्याला धाप लागते. उतारावर श्वास मोकळा होतो, घर जवळ आल्यासारखे वाटते, आणि जिभेला सवड मिळते. धोका असतो तो नेमका तिथेच. दूध तापत असता चुलीपाशीच उभे राहावे, हा आमच्या आज्यांचा नियम. विमानवाल्यांना तो १९८१ साली लेखी करावा लागला, एवढेच.