ओला सूट आणि कोरडा हिशेब

इतिहास राजेमहाराजांनी घडवला, असं आपण शाळेत घोकलं. कॉमर्सला गेल्यावर माझी खात्री पटली, की निम्माअधिक तो कर्जदारांनी घडवला. पुरावा हवा असेल तर फाटका वेटसूट दुरुस्त करायला घ्या.

कारकुनाच्या घरी वेटसूट कुठून आला, असं तुम्ही विचाराल. माझा भाचा मालवणला पर्यटकांना समुद्राचा तळ दाखवतो. पावसाळ्यात धंदा बंद, म्हणजे उरलेल्या महिन्यांच्या कमाईवर वर्ष काढायचं. खडकावरच्या कालवांनी त्याचा सूट गुडघ्यावर बोटभर फाडला. "मामा, नवा घ्यायला कर्ज काढू का?" असं तो विचारत होता. सौ. सुटाकडे पाहून एवढंच म्हणाल्या, "हत्तीच्या पिल्लाचं कातडं वाटतं!"

कातडं नव्हे, हा रबराचा पाव आहे. निओप्रीन नावाच्या कृत्रिम रबरात वायूचे असंख्य बारीक बुडबुडे कोंडलेले असतात. ऊब राहते ती त्यांच्यामुळे.

या पावाची कुळकथा जुनी आहे. १८२३ साली ग्लासगोच्या चार्ल्स मॅकिंटॉशनं नॅप्थात रबर विरघळवून ते दोन कापडांमध्ये फासण्याचं पेटंट घेतलं. रेनकोट झाला खरा, पण उन्हात तो चिकटे आणि थंडीत ताठ होई. आपल्या सायकलवाल्याचं सोल्युशन याच घराण्यातलं. १८३९ साली अमेरिकेत चार्ल्स गुडइयरला गंधक घालून तापवलेल्या रबराचं रहस्य सापडलं. कर्जापायी हा गृहस्थ तुरुंगाच्या वाऱ्या करून आलेला. १८६० साली वारला, तेव्हाही डोक्यावर सुमारे दोन लाख डॉलर देणं होतं. त्याच्या नावाची टायर कंपनी १८९८ साली निघाली, ती भलत्यांनीच काढलेली. आमच्या भाषेत, नाव याचं आणि शिल्लक दुसऱ्याची!

१९३० साली ड्यू पाँट कंपनीत वॉलेस कॅरोदर्सच्या चमूनं निओप्रीन बनवलं. पुढे १९५१च्या सुमारास बर्कलीचे भौतिकशास्त्रज्ञ ह्यू ब्रॅडनर अमेरिकन नौदलाच्या पाणबुड्या माणसांच्या थंडीचा विचार करू लागले. तोवरचा सूट पाणी आत येऊ नये म्हणून धडपडे. एक भोक पडलं की संपलं. ब्रॅडनरांच्या लक्षात आलं, की माणूस भिजला तरी बिघडत नाही, ऊब टिकली पाहिजे. केवढा मध्यमवर्गीय विचार! पण पेटंट काही त्यांच्या नावावर लागलं नाही. दुकानं चालली ती जॅक ओ'नील यांच्यासारख्यांची.

दुरुस्तीही तितकीच मध्यमवर्गीय आहे. कडा गोड्या पाण्यानं धुऊन खडखडीत वाळवायच्या. निओप्रीनचं सोल्युशन दोन्ही कडांना पातळ लावायचं आणि दहा मिनिटं गप्प बसायचं. पुन्हा एक हात द्यायचा. बोटाला ओलं न लागता नुसतं चिकटसं वाटलं, की कडा जुळवून घट्ट दाबायच्या. दिवसभर पाणी दाखवायचं नाही. मग वरच्या कापडातूनच बारीक टाके घालायचे. सुई आरपार गेली, तर एका भोकाची दहा होतात.

अवघड काय, तर ती दहा मिनिटं. घाईनं दाबलेली कड पहिल्याच बुडीत उसवते. भाच्याचं कर्ज सोल्युशनच्या एका ट्यूबवर भागलं. बँकेचं एक गिऱ्हाईक गेलं, याचं मात्र मला, पगार चालू असूनही, अजिबात वाईट वाटलं नाही. गुडइयरला कुणी असं वेळेवर अडवलं असतं, तर तो कदाचित सुखानं मेला असता. पण मग चिकटवायला हे रबर तरी कुठून आलं असतं?