प्रत्येक बिघाड 'एरर' नसतो

नेटवर्क कार्डांचे ड्रायव्हर लिहिणाऱ्यांत एक मत घट्ट रुजलं आहे. काहीही बिघडलं की 'एरर' पातळीवर नोंद करून मोकळं व्हावं. नोंद जास्त झाली तर काही अडत नाही, राहून गेली तर मात्र पंचाईत. हा पूर्वपक्ष पोकळ नाही. रात्री सर्व्हर कोलमडला की सकाळी हाती फक्त लॉग उरतो, आणि चुका मोजणाऱ्या काउंटरवरचा आकडा चूक कधी घडली ते सांगत नाही. तरीही लिनक्स कर्नेलपुरतं तरी हे मत घातक आहे, असं मी ठामपणे म्हणतो.

नोंद फुकट पडते, हे यातलं मुख्य गृहीतक. लिनक्समध्ये संदेशांच्या 0 ते 7 अशा आठ पातळ्या आहेत. 0 सर्वांत गंभीर, 3 म्हणजे एरर, 7 म्हणजे डीबग. कोणता संदेश कन्सोलवर जाणार, हे या आकड्यावरूनच ठरतं. 'क्वाएट' हा पर्याय देऊन सुरू केलेल्या यंत्रावरही एररची ओळ सहसा कन्सोलवर येते. हा कन्सोल 115200 बॉडच्या सीरियल पोर्टवर असेल, तर सेकंदाला जेमतेम 11520 अक्षरं बाहेर पडतात, म्हणजे 80 अक्षरांच्या एका ओळीला सुमारे 7 मिलिसेकंद. छपाईचं हे काम अनेकदा पॅकेट उचलणाऱ्या सीपीयूच्याच गळ्यात पडतं. तेवढ्या वेळात 1 गिगाबिटच्या तारेवरून सर्वांत लहान आकाराच्या दहा हजारांवर फ्रेम येऊ शकतात. आलेल्या फ्रेम ठेवण्याची 256 डिस्क्रिप्टरांची रिंग तर 200 मायक्रोसेकंदांच्या आतच भरते. एक फ्रेम गळाली हे कळवण्याच्या नादात आणखी हजारो गळतात.

यावर उत्तर येतं की त्यासाठी संदेशांच्या संख्येवर मर्यादा घालणारं रेटलिमिट आहे. आहे, पण नेटवर्क विभागाचं जुनं रेटलिमिट सगळ्यांना मिळून एकच आहे: मूळ मांडणीत 5 सेकंदांत 10 संदेश. एका बडबड्या ड्रायव्हरनं तो कोटा संपवला की त्याच कोट्यावर अवलंबून असलेला दुसऱ्याचा खरा इशारा गळतो. म्हणजे ज्या भीतीपोटी सगळं नोंदवायचं, तीच इथे खरी होते.

शिवाय चूक कुणाची, हेही पाहायला हवं. सीआरसी चुकलेली फ्रेम बहुधा खराब केबलची किंवा पलीकडच्या पोर्टची कहाणी सांगते. वेडीवाकडी फ्रेम कुणीही बाहेरून पाठवू शकतो. तिच्यावर एरर छापणारा ड्रायव्हर आपला लॉग भरण्याची मुभा परक्याला देतो. अशा गोष्टींची जागा काउंटरमध्ये. ते दर मिनिटाला वाचून साठवले की वेळही कळते आणि चूक वाढते आहे की थांबली, हेही कळतं. खोलात जायचं तर डायनॅमिक डीबग चालत्या यंत्रावर सुरू करता येतं.

मेमरी मिळाली नाही, हे कर्नेल बहुतेक वेळा स्वतःच सविस्तर सांगतो, म्हणून कर्नेलचा कोड तपासणारा चेकपॅच ड्रायव्हरमधल्या तशा ओळीला हटकतो. एखादं अवलंबून असलेलं उपकरण अजून तयार नसेल, तर प्रोब, म्हणजे ड्रायव्हर उपकरणाला जोडण्याचं काम, पुढे ढकललं जातं. तो बिघाडच नव्हे. 2020 साली आलेलं 'डेव्ह एरर प्रोब' हे फंक्शन अशा वेळी संदेश आपोआप डीबगवर उतरवतं. लिंक तुटल्याची बातमी इंटेलचे ड्रायव्हर 'इन्फो' पातळीवर देतात, तेही योग्यच. केबल कुणी मुद्दाम काढली की उंदरानं कुरतडली, हे ड्रायव्हरला कुठून कळणार?

मग एररला पात्र काय? जे ड्रायव्हरला स्वतःला निस्तरता येत नाही किंवा ज्यासाठी कार्ड रीसेट करावं लागतं, आणि ज्याकडे माणसानं पाहायलाच हवं, ते. इंटेलच्या ई1000ई ड्रायव्हरमधला 'डिटेक्टेड हार्डवेअर युनिट हँग' हा संदेश मला आदर्श वाटतो. पाठवणी अडकली एवढंच सांगून तो थांबत नाही. रिंगचं डोकं कुठे आहे, शेपूट कुठे आहे, ड्रायव्हरची साफसफाई कुठवर आली, हे सगळे आकडे देतो. कार्डानं वाचणं थांबवलं की ड्रायव्हरच मागे पडला, याचा शोध त्या आकड्यांपासून लगेच सुरू करता येतो.