ऊसतोड कामगारांचा तळ (जालना जिल्हा)

ऊसतोड कामगारांचा तळ : साखर कारखान्यांच्या गाळप हंगामात ऊसतोडणीसाठी आलेल्या टोळ्या कारखान्यालगत, गावाबाहेरच्या माळावर किंवा उसाच्या फडाजवळ उभारतात ती तात्पुरती सामूहिक वस्ती. तिला अड्डा असेही म्हणतात. बैलगाड्यांच्या टोळ्या उतरतात तो गाडीतळ. दिवाळीच्या सुमारास तळ पडतो आणि कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे गाळप संपले, की मार्च-एप्रिलमध्ये उठतो. पाच ते सहा महिने शेकडो माणसे येथे एकत्र राहतात, एकाच कामावर जातात आणि एकाच हिशेबाने बांधलेली असतात. राहण्याची जागा, पाणी, मजुरी आणि कर्ज या चारही गोष्टी एकाच करारातून येतात, हे या वस्तीचे मुख्य लक्षण होय.

जालना जिल्ह्याचा तळाशी दुहेरी संबंध आहे. जिल्ह्यातून दरवर्षी हजारो कुटुंबे पश्चिम महाराष्ट्र व कर्नाटकातील कारखान्यांकडे जातात. त्याच काळात जिल्ह्यातील कारखान्यांच्या परिसरातही तळ पडतात.

पार्श्वभूमी : जालना जिल्हा १ मे १९८१ रोजी तेव्हाच्या औरंगाबाद जिल्ह्यातून वेगळा झाला, परतूर तालुका परभणी जिल्ह्यातून त्यात आला. आज जिल्ह्यात जालना, बदनापूर, भोकरदन, जाफराबाद, अंबड, घनसावंगी, परतूर आणि मंठा असे आठ तालुके आहेत. शेती बहुतांशी कोरडवाहू असून कापूस, सोयाबीन, तूर व मोसंबी ही महत्त्वाची पिके आहेत. खरिपाची सुगी आटोपल्यावर कोरडवाहू गावांत काम उरत नाही. नेमका त्याच वेळी कारखान्यांचा हंगाम सुरू होतो. अल्पभूधारक आणि भूमिहीन कुटुंबांच्या स्थलांतराला ही सांगड कारणीभूत आहे. १९७२ च्या दुष्काळानंतर मराठवाड्यातून ऊसतोडीला जाणाऱ्यांची संख्या वाढली. २०१२-१३ च्या दुष्काळाची सर्वांत तीव्र झळ बसलेल्या जिल्ह्यांत जालना होता.

महाराष्ट्रातील सहकारी साखर कारखानदारीची सुरुवात विठ्ठलराव विखे पाटील आणि अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने प्रवरानगरला झाली. तेथे १९५० मध्ये गाळप सुरू झाले. पुढे कारखाने वाढले, तशी थोड्या महिन्यांसाठी मोठ्या संख्येने लागणाऱ्या मनुष्यबळाची गरजही वाढली. बीड, अहिल्यानगरचा पूर्व भाग, जालना, परभणी, धाराशिव, लातूर, नाशिक व जळगाव हे मजूर पाठवणारे मुख्य टापू ठरले. राज्यातील ऊसतोड कामगारांच्या संख्येचे अंदाज आठ लाखांपासून पंधरा लाखांपर्यंत जातात.

जालना जिल्ह्याच्या दक्षिण भागाचे चित्र निराळे आहे. पैठणच्या जायकवाडी प्रकल्पाचा डावा कालवा अंबड, घनसावंगी व परतूर या तालुक्यांकडे येतो आणि गोदाकाठी ऊस होतो. अंबड तालुक्यातील अंकुशनगर (महाकाळा) येथे समर्थ सहकारी साखर कारखाना आहे, घनसावंगी तालुक्यात तीर्थपुरीला त्याचा दुसरा कारखाना आहे, तर भोकरदन तालुक्यात सिपोरा बाजारला रामेश्वर कारखाना आहे. त्यामुळे कालव्याच्या पाण्यावर ऊस पिकवणारी गावे आणि दुसऱ्यांचा ऊस तोडायला घर सोडणारी गावे एकाच तालुक्यात आढळतात.

टोळीची रचना : कामाचे एकक कोयता आहे. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. एकटा माणूस अर्धा कोयता धरला जातो. या गणनेमुळे बाईची मजुरी वेगळी मोजली जात नाही आणि पैसे साधारणतः पुरुषाच्या हाती पडतात. अनेक कोयत्यांची मिळून टोळी होते. टोळी जमवणारा, उचल (आगाऊ रक्कम) वाटणारा आणि कारखान्याच्या बाजूने जबाबदारी घेणारा तो मुकादम. मुकादम बहुधा त्याच गावचा किंवा नात्यातला असतो, म्हणून टोळीत भावकी, सोयरे आणि शेजारी एकत्र येतात. जालना जिल्ह्यातून जाणाऱ्या टोळ्यांत बंजारा, वंजारी, नवबौद्ध, मातंग, धनगर आणि मराठा समाजांतील कुटुंबे असतात. मंठा व परतूर भागातील काही बंजारा तांडे हंगामात जवळजवळ रिकामे होतात. मागे वृद्ध आणि काही मुले राहतात.

वाहतुकीच्या साधनावरून टोळ्यांचे प्रकार पडतात. ट्रक-ट्रॅक्टरच्या टोळीत कोयत्यांची संख्या मोठी असते आणि वाहन ठरलेल्या वेळी भरून द्यावे लागते. बैलगाडीवाला किंवा टायरगाडीवाला आपला ऊस स्वतः तोडून स्वतःच कारखान्यावर नेतो. ज्यांना उसाच्या मोळ्या डोक्यावरून वाहून वाहनापर्यंत न्याव्या लागतात, त्यांचे ते डोकी सेंटर. वाहतुकीच्या साधनावरूनच तळाची जागा ठरते : गाडीवाल्यांचा तळ कारखान्याजवळ स्थिर असतो, तर ट्रॅक्टरची टोळी फडाप्रमाणे गावोगाव हलते.

तळाची मांडणी : राहण्याचे घर म्हणजे कोपी. बांबूच्या कामट्या कमानीसारख्या वाकवून त्यांवर चटया किंवा पाचट टाकतात, वरून प्लॅस्टिकचा कागद किंवा ताडपत्री ओढतात. पुष्कळ कारखाने बांबू व चटया पुरवतात. उभारणी कुटुंबाने करायची असते. आत ताठ उभे राहायला मधोमध तेवढी जागा मिळते. धान्याची पोती, पत्र्याची पेटी, अंथरूण आणि भांडी एवढा संसार आत मावतो. चूल दाराबाहेर असते. कोप्या ओळीने किंवा मोकळी जागा मधे ठेवून गोलाकार उभ्या करतात. एकाच गावच्या, एकाच मुकादमाच्या कोप्या शेजारी-शेजारी असतात. गाडीतळावर कोपीपुढे बैल बांधलेले असतात.

पाणी टँकरचे, शेतातल्या विहिरीचे किंवा कालव्याचे असते. बहुसंख्य तळांवर शौचालय, न्हाणीघर व वीज यांची सोय नसते किंवा माणसांच्या मानाने फार अपुरी असते. पाचट आणि प्लॅस्टिक यांमुळे आगीचा धोका कायम असतो, आणि हिवाळ्यातला अवकाळी पाऊस संपूर्ण वस्ती भिजवून टाकतो.

दिनक्रम : तोडलेला ऊस जितका वेळ पडून राहतो तितका त्याचा साखर उतारा घटतो आणि वजनही कमी होते. कारखाना तर अहोरात्र चालतो. त्यामुळे तोड, भरणी आणि वाहतूक यांना थांबा नसतो, आणि तळाचे घड्याळ कारखान्याच्या गव्हाणीवर, म्हणजे ऊस टाकण्याच्या पट्ट्यावर, चालते. बायका पहाटे तीन-चारला उठून पाणी भरतात, दिवसभराच्या भाकरी करतात. उजाडण्याच्या सुमारास टोळी फडात पोहोचते. पुरुष बहुधा बुडख्याशी ऊस तोडतात, बायका पाचट सोलून, वाढे (शेंडे) छाटून मोळ्या बांधतात. एक कोयता दिवसाला साधारण दीड ते अडीच टन ऊस तोडतो. दुपारनंतर किंवा रात्री वाहन आले की भरणी करावी लागते. फळीवरून मोळी डोक्यावर घेऊन चढण्याचे हे काम अंधारातही चालते. कोणत्या शेतकऱ्याचा ऊस कधी तोडायचा हे कारखान्याचे शेती खाते लागणीच्या तारखेनुसार ठरवते आणि चिटबॉय (तोडीच्या चिठ्ठ्या देणारा कर्मचारी) ते टोळीपर्यंत पोहोचवतो.

उसाचे वाढे जनावरांना घालतात किंवा गावातल्या दूधवाल्यांना विकतात. तळावरच्या बऱ्याच घरांचा मीठ-मिरचीचा खर्च या रोख पैशांतून निघतो. ऊस लवकर जावा म्हणून शेतकरी टोळीला जे पैसे देतो त्यास खुशाली म्हणतात.

उचल आणि हिशेब : हंगामाआधी मुकादम प्रत्येक कोयत्याला उचल देतो. अलीकडच्या वर्षांत ती सुमारे पन्नास हजारांपासून लाख-दीड लाखापर्यंत असते. लग्न, आजारपण, घरबांधणी, बी-बियाणे किंवा जुने कर्ज यांत ती आधीच खर्च होते आणि हंगामभर कामातून फेडली जाते. तळावर किराणा-बाजारासाठी खर्ची मिळते, तीही हिशेबात धरतात. एक दिवस कामावर गेले नाही तर खाडा पडतो आणि त्याचा दंड हिशेबात लागतो. हंगामाअखेर उचल फिटली नाही तर बाकी अंगावर राहते आणि पुढच्या वर्षी त्याच मुकादमाकडे जावे लागते. उलट, उचल घेऊन मजूर आलाच नाही तर तोटा मुकादमाच्या किंवा वाहतूकदाराच्या अंगावर येतो. अशा वादांतून डांबून ठेवणे व मारहाण असे गुन्हेही घडले आहेत.

दर टनाचा तोडणीदर राज्य साखर संघ आणि कामगार संघटना यांच्या करारातून ठरतो. करारासाठी संघटना हंगामाच्या तोंडावर कोयता बंद आंदोलन करत आल्या आहेत. जानेवारी २०२४ मध्ये शरद पवार व पंकजा मुंडे यांच्या उपस्थितीत झालेल्या तडजोडीत तोडणीदरात ३४ टक्के वाढ झाली आणि मुकादमाचे कमिशन १९ वरून २० टक्के झाले.

सहजीवन : तळावर शेजारधर्मावाचून निभाव लागत नाही. तान्ह्या मुलांना मोठ्या मुलींच्या किंवा एखाद्या म्हातारीच्या भरवशावर ठेवतात; बाळंतपणात शेजारच्या कोपीतल्या बायका धावून येतात; एखाद्याचा बैल मेला तर टोळी पैसे जमवते. सोयरिकी याच काळात जुळतात. आठवडी बाजाराचा दिवस आणि संक्रांत, होळीसारखे सण हे कामातले मोजके विसावे असतात. भांडणतंटा मुकादम आणि जाणती माणसे मिटवतात. मात्र ज्याच्याकडे तक्रार न्यायची त्याच्याच हाती उचलीचा हिशेब असल्याने मजुराचा आवाज दबतो. यजमान गावाच्या ग्रामपंचायतीच्या लेखी ही माणसे परगावची असतात, म्हणून पाणी, स्वच्छता व दिवाबत्तीसाठी तिच्याकडे दाद मागणे अवघड जाते. रेशन दुसऱ्या गावी घेण्याची सोय झाली असली, तरी कुटुंबे हंगामभराची ज्वारी-बाजरी शक्यतो घरूनच आणतात.

स्त्रिया आणि आरोग्य : फडातल्या कामाखेरीज स्वयंपाक, पाणी, सरपण आणि मुले ही कामे स्त्रियांकडेच असतात. गरोदरपणात शेवटच्या महिन्यापर्यंत आणि बाळंतपणानंतर लवकरच त्या मोळ्या उचलतात. आडोशाचा अभाव, अपुरे पाणी आणि मासिक पाळीतही न थांबणारे काम यांमुळे संसर्ग व गर्भाशयाचे विकार वाढतात. अंधारात उघड्यावर जावे लागल्याने लैंगिक अत्याचाराची भीतीही कायम असते. शेजारच्या बीड जिल्ह्यात ऊसतोड करणाऱ्या स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये विधिमंडळात गाजला. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीच्या पाहणीत ८२,३०९ स्त्रियांपैकी १३,८६१ जणींची अशी शस्त्रक्रिया झाल्याचे आढळले. लहान वयात लग्न हाही याच जीवनाचा परिणाम आहे : मुलीला मागे कोणाकडे ठेवायचे ही धास्ती आणि जोडीने गेले तरच पूर्ण कोयता भरतो ही गरज, दोन्ही त्यामागे असतात.

मुले आणि शिक्षण : मुलांची शाळा ऐन सत्रात सुटते. यावर तीन उपाय झाले. पहिला, कारखान्यांच्या तळावर चालवलेल्या साखरशाळा. जनार्थ या संस्थेने त्यांत मोठे काम केले. दुसरा, शिक्षण हक्क कायदा २०१० मध्ये लागू झाल्यावर तळाजवळच्या नियमित शाळेत मुलांना सामावून घेणे. तिसरा, मुलांना गावीच ठेवणारी हंगामी वसतिगृहे, ज्यांत आजी-आजोबांच्या घरी राहणाऱ्या मुलांच्या जेवणाची सोय होते. २०२१ मध्ये राज्य सरकारने संत भगवानबाबा यांच्या नावाने ४१ तालुक्यांत ८२ वसतिगृहांची योजना मंजूर केली. पहिल्या टप्प्याच्या जिल्ह्यांत बीड व तेव्हाच्या अहमदनगरबरोबर (आताचे अहिल्यानगर) जालन्याचा समावेश होता. मूल गावात राहिले तर शाळा टिकते. सोबत गेले तर बहुधा धाकटी भावंडे सांभाळते आणि काही वर्षांनी कोयता हाती घेते.

कायदा आणि कल्याणयोजना : वेठबिगारी निर्मूलन कायद्याच्या (१९७६) तरतुदी या क्षेत्राला लागू पडू शकतात; कंत्राटी कामगार कायदा (१९७०) आणि आंतरराज्य स्थलांतरित कामगार कायदा (१९७९) यांच्या तरतुदीही २०२५ पर्यंत लागू पडू शकत होत्या, पण प्रत्यक्ष अंमल क्षीण राहिला आहे. तोडणीचा करार कारखान्याशी निगडित तोडणी-वाहतूक यंत्रणा, वाहतूकदार, मुकादम आणि मजूर अशा साखळीतून होतो. त्यामुळे नियोक्ता कोण आणि तळावरच्या निवाऱ्याची जबाबदारी कोणाची, हा मूळ प्रश्न अनिर्णित राहतो. लोकनेते गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळासाठी दर टन गाळपामागे कारखान्यांकडून १० रुपये आणि सरकारकडून तितकीच रक्कम अशी निधीची व्यवस्था ठरली. ग्रामसेवकांमार्फत नोंदणी करून ओळखपत्रे देण्याचे कामही २०२१ नंतर सुरू झाले. नोंदणीचे महत्त्व करोना साथीतल्या टाळेबंदीने दाखवून दिले होते : मार्च २०२० मध्ये सुमारे १ लाख ३१ हजार ऊसतोड कामगार कारखान्यांच्या परिसरात अडकले आणि एप्रिलच्या मध्यानंतर त्यांना गावी परतण्याची परवानगी मिळाली.

इतर सहनिवासांशी तुलना : कामासाठी घर सोडलेल्यांचा सामूहिक निवास महाराष्ट्राला नवा नाही. मुंबईच्या गिरणगावात कोकण आणि घाटावरचे कामगार गावाच्या नावाच्या खोल्यांत पाळीपाळीने झोपत आणि खाणावळीत जेवत. त्या खाणावळी चालवणाऱ्या स्त्रियांना प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळात संघटित केले. आज पुणे, बंगळूर व गोव्यात संगणकावर दूरस्थ काम करणाऱ्यांसाठी सामायिक निवास निघाले आहेत, जेथे खोली, इंटरनेट, कामाचे मेज आणि शेजार एका मासिक भाड्यात मिळतो. या सर्वांत घरापासून दूर असलेला माणूस शेजारातून आधार शोधतो. फरक निवडीचा आहे : गिरणी कामगार खोली बदलू शकत असे, दूरस्थ काम करणारा भाडे थांबवून निघू शकतो, तळावरचा माणूस उचल फिटेपर्यंत जागा सोडू शकत नाही.

बदल : ऊसतोडणी यंत्रांचा वापर वाढत आहे. २०२३ मध्ये राज्यात ९०० यंत्रांसाठी किमतीच्या ४० टक्के किंवा कमाल ३५ लाख रुपये अनुदानाची योजना जाहीर झाली. लहान तुकडे, अरुंद सऱ्या आणि चिखलाच्या जमिनी यांमुळे हातच्या तोडणीची गरज अजून मोठी आहे. जालन्यात पोलाद व बियाणे उद्योग असले, तरी त्यांतला रोजगार शहर आणि औद्योगिक वसाहतींच्या आसपास एकवटला आहे. कोरडवाहू गावांत हिवाळी काम, पाणी आणि विनातारण पतपुरवठा मिळेल तेथे उचलीची गरज कमी होईल. तोपर्यंत पक्का निवारा, शौचालय, पाणी, पाळणाघर आणि स्त्रीच्या नावावर जमा होणारी मजुरी या तळाच्या किमान गरजा आहेत.