बिल्ल्याची पाठ

छत्रीधारी सैनिकांचा बिल्ला हातात आला की मी तो आधी उलटा करतो. पुढच्या बाजूला छत्री आणि पंख असतातच; तो कोणी घडवला, ते पाठीवर कळते.

हॉलमार्क हा शब्द आता सोन्यामुळे घरोघरी पोचला आहे. लंडनच्या सोनारांच्या संघाचा 'हॉल' होता, तिथे चांदी तपासून ठसा मारत, त्यावरून तो आला. इंग्रजी चांदीवर चालता सिंह असेल, तर हजारांत 925 भाग शुद्ध चांदी. नांगर (शेतातला नव्हे, जहाजाचा) असेल, तर तपासणी बर्मिंगहॅमची. शेजारचे अक्षर साल सांगते. अमेरिकेत 'स्टर्लिंग' हा शब्द आणि कारागिराचे नाव असते. तिथला बिल्ला 1941 मध्ये कॅप्टन विल्यम यारबरो यांनी रेखला; पहिले 350 नग फिलाडेल्फियाच्या 'बेली, बँक्स अँड बिडल' या पेढीने केले. म्हणूनच त्यांच्या नकला निघतात. अस्सल बिल्ल्यावरून साचा काढून ओतलेली नक्कल किंचित लहान भरते, ठशाच्या कडा बोथट होतात, भिंगाखाली बारीक खड्डे दिसतात.

ही विद्या आपल्या मराठी जवानापाशी येऊन अडते. मराठा लाइट इन्फंट्रीची तिसरी पलटण दुसऱ्या महायुद्धानंतर छत्रीधारी झाली आणि 1952 मध्ये पॅराशूट रेजिमेंटची दुसरी पलटण, म्हणजे 2 पॅरा, बनली. 11 डिसेंबर 1971 रोजी ती बांगलादेशात टांगाईलजवळ उतरली, पुंगलीचा पूल तिने घेतला. 16 डिसेंबरला ढाक्यात शिरलेल्या पहिल्या तुकड्यांत ती होती. या जवानांनी उड्या मारून कमावलेले पंख मात्र कापडावर भरलेले. त्यांना ना सिंह, ना नांगर. संग्राहक ठशाला पैसे मोजतात. कापडी पंख वर्दीबरोबर गोधडीत जातात.

जिंतूर तालुक्यातल्या एका घरी असे पंख सुनेने ट्रंकेत जपले होते. सोबत सासऱ्यांचे नोकरीचे पुस्तक होते. गावात त्यांच्या नावाची पाटी लागायची होती आणि मुलाला तिच्यावर 'टांगाईलचे वीर' असे हवे होते. पुस्तकात पलटण 2 पॅरा होती, नोकरीच्या काळात 1971 येत होते. पण पलटणीत असणे वेगळे आणि त्या दिवशी विमानातून उडी घेणे वेगळे. पुस्तक पहिलेच सांगत होते. मी तेवढेच लिहून दिले. मुलगा नाराज झाला. सून म्हणाली, "मामंजी स्वतः कधी टांगाईलचं नाव काढत नव्हते. पलटणीचंच सांगायचे. तेच लिहा."

पाटीवर आता नाव, पलटण आणि नोकरीची वर्षे आहेत. पंख आणि पुस्तक एकाच पिशवीत ठेवायला मी सांगितले. कापडावर ठसा उमटत नाही; त्याची साक्ष तो कागदच देतो. दोघांची ताटातूट झाली, तर उरते ती नुसती चिंधी.