बॉटलनेक : ओझरचे तेजस आणि इंजिनांचे नियोजन

उत्पादनाच्या साखळीतील सर्वांत संथ टप्पाच साऱ्या साखळीचा वेग ठरवितो. व्यवस्थापनशास्त्रात त्याला 'बॉटलनेक' म्हणतात. एलियाहू गोल्डरॅट यांनी १९८४ मध्ये 'द गोल' या कादंबरीतून हा विचार लोकप्रिय केला. बॉटलनेकपाशी गमावलेला तास हा संपूर्ण कारखान्याचा तास असतो. अन्य टप्प्यांवर वाचविलेल्या तासाने मात्र उत्पादन वाढत नाही, हे त्याचे सूत्र.

नाशिकजवळील ओझर येथील हिंदुस्थान एरोनॉटिक्सच्या (एचएएल) कारखान्याचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. मिग-२१ विमानांच्या निर्मितीसाठी १९६४ मध्ये तो स्थापन झाला. पुढे येथे सुखोई-३० एमकेआय तयार झाली. १७ ऑक्टोबर २०२५ रोजी येथे 'तेजस मार्क-१ए'च्या तिसऱ्या असेंब्ली लाइनचे उद्घाटन झाले. तिची नियोजित वार्षिक क्षमता आठ विमानांची, तर बंगळुरूतील दोन लाइनची १६ विमानांची, एकूण २४. तेजसला एकच इंजिन असते. म्हणजे वर्षाला किमान २४ इंजिने हवीत. ती न आल्यास चौथी लाइन उभारूनही काही साधणार नाही.

अडचण नेमकी तेथेच आली. फेब्रुवारी २०२१ मध्ये ८३ विमानांचा करार झाला आणि ऑगस्टमध्ये अमेरिकेच्या जीई कंपनीकडे ९९ एफ-४०४ इंजिनांची मागणी नोंदविण्यात आली. विमाने मार्च २०२४ पासून मिळणे अपेक्षित असताना पहिले इंजिनच मार्च २०२५ मध्ये हाती आले. प्रणालींच्या चाचण्या व प्रमाणीकरण यांनीही विलंब झाला. परंतु इंजिनाविना विमान उभेच राहते.

या विलंबाचे मूळ २०१६ मध्ये आहे. आधीची ६५ इंजिने पुरविल्यानंतर नवी मागणी नसल्याने जीईने त्यांचे उत्पादन थांबविले. पाच वर्षांनी मागणी आली, तेव्हा सुट्या भागांच्या पुरवठादारांपासून सर्व घडी पुन्हा बसवावी लागली. त्यातच कोरोनाची भर पडली. बॉटलनेक कारखान्यात दिसला, तरी तो निर्माण झाला दोन मागण्यांमधील खंडामुळे.

त्याची किंमत हवाई दल मोजत आहे. २६ सप्टेंबर २०२५ रोजी मिग-२१ निवृत्त झाले, तेव्हा मंजूर ४२ लढाऊ स्क्वाड्रनपैकी २९ उरल्या. त्याच महिन्यात आणखी ९७ तेजसचा करार झाला आणि नोव्हेंबरमध्ये त्यांच्यासाठी ११३ इंजिनांचाही. या वेळी मागणीत खंड पडू दिला नाही, हेच खरे उत्पादन नियोजन होय.